ऑटोमेशन टेस्टिंगमुळे कंपनीला रुपयांत किती फायदा झाला, हे कसं काढायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपासून सेलेनियमवर, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनावर, टेस्ट सूट (आपोआप चालणाऱ्या टेस्टचा संच) चालू आहे, सहाशेच्या वर टेस्ट आहेत, आणि आता सीईओ विचारताहेत की यातून कंपनीला नेमके किती रुपये मिळाले. मॅनेजरांनी 'वाचलेले तास गुणिले टेस्टरचा तासाचा पगार' असं सूत्र दिलंय, तुम्हाला फक्त एक्सेल भरायचं आहे.

ते एक्सेल भरू नका. मी भरलं होतं.

मी नागपुरात, आयटी पार्कच्या बाजूला, ठोक व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत टेस्टिंगचं काम पाहतो. आमचे बरेचसे ग्राहक इतवारी, गांधीबाग आणि कळमन्याचे. २०२५ च्या सुरुवातीला मला अगदी हाच प्रश्न आला होता आणि हेच सूत्र मिळालं होतं. माझ्याकडे ४१२ टेस्ट होत्या. एक टेस्ट हातानं करायला सरासरी ६ मिनिटं धरली, म्हणजे एका फेरीला ४१ तास. सूट रोज रात्री चालतो, महिन्याचे २६ दिवस. गुणाकार केला, महिन्याला १०७१ तास वाचले असं उत्तर आलं. सहा टेस्टरांचं काम. मीटिंगमध्ये तो आकडा पडद्यावर आला तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

आकडा खोटा होता. गुणाकारात चूक नव्हती. पण हातानं ४१ तासांची फेरी रोज रात्री आमच्याकडे कोणी कधी केलीच नव्हती, करणारही नव्हतं. ऑटोमेशनच्या आधी आम्ही महिन्यातून एकदा, रिलीजच्या आधी, निवडक १२० केसेस तपासायचो. १२ तासांचं काम. म्हणजे खरे वाचलेले तास महिन्याला १२. आणि सूट चालता ठेवायला, म्हणजे स्क्रीन बदलली की लोकेटर (स्क्रीनवरचं बटण किंवा रकाना शोधायचा पत्ता) दुरुस्त करा, टेस्ट डेटा नीट करा, विनाकारण लाल झालेल्या, म्हणजे नापास दाखवलेल्या, टेस्ट परत चालवा, यात माझे महिन्याला ३० तास जायचे. तासांच्या हिशोबात आमचं ऑटोमेशन चक्क तोट्यात होतं. तुमचंही बहुधा तसंच निघेल, प्रामाणिकपणे काढलं तर. जे काम कोणी केलंच नसतं, ते वाचवल्याचं श्रेय घेता येत नाही.

पण त्या आकड्यावर निर्णय झाला. आमच्या टीममध्ये एक ताई होत्या, ११ वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलेल्या. कोडिंग त्यांना येत नव्हतं. लग्नाआधी वडिलांच्या गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात त्या गल्ल्यावर बसायच्या, त्यामुळे दुकानदार सॉफ्टवेअरचं काय काय करतो हे त्यांना ठाऊक होतं. नवीन बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी तयार आवृत्ती, आलं की बिल फाडायच्या, लगेच रद्द करायच्या, मग तेच मागच्या तारखेत टाकायच्या, मग त्यातला अर्धाच माल परत घ्यायच्या. मॅनेजरांनी माझ्या एक्सेलवर बोट ठेवून विचारलं, "सहा माणसांचं काम मशीन करून राहिली, तर मग यांची गरज काऊन?" मी म्हणालो की दोन्ही कामं वेगळी आहेत. ते म्हणाले, "मग हे शीट चूक आहे का?" मला तेव्हाच हो म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. मार्चअखेर ताईंची नोकरी गेली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलची ५६ वी बैठक झाली, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढायचं ठरलं, बहुतेक माल ५ आणि १८ वर गेला. अंमल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. हाती १९ दिवस. इथं मी ऑटोमेशनच्या बाजूनं ठामपणे बोलेन, कारण सूट नसता तर आम्ही मेलो असतो. त्या १९ दिवसांत १४ बिल्ड निघाले, प्रत्येकावर रात्री सगळा सूट चालला. एका बिल्डमध्ये एमआरपीतून कर वेगळा काढताना जुनाच दर लागत होता. सकाळी सातला रिपोर्ट लाल, दहापर्यंत दुरुस्त. हातानं १४ वेळा ४१ तास कुठून आणले असते? हा खरा फायदा आहे. आणि तो वाचलेल्या तासांच्या रकान्यात कुठेच दिसत नाही, कारण तो वेगाचा फायदा आहे. २१ तारखेच्या रात्री सगळं हिरवं होतं.

नवरात्र संपायच्या आत इतवारीतल्या एका नमकीनच्या ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. मी स्वतः गेलो. त्यांनी दोन कागद काउंटरवर शेजारी शेजारी मांडले, पंख्यानं उडू नयेत म्हणून वर एक किलोचं माप ठेवलं. एक ऑगस्टचं बिल, १२ टक्क्यांनी. दुसरी परवाची क्रेडिट नोट, त्याच बिलातला १०,००० रुपयांचा माल परत आला म्हणून काढलेली, आणि तिच्यावर कर ५ टक्के. आधी घेतले १,२००, परत दिले ५००. "गिऱ्हाईक माझ्यावर ओरडून राहिलं भाऊ, हे सातशे कुठं गेले ते सांगून द्या."

दर उतरला तरी जुन्या बिलाची परती जुन्याच दरानं होते, कारण क्रेडिट नोट मूळ बिलाला जोडलेली असते. हे प्रत्येक मुनिमाला माहीत आहे. आमच्या सूटला माहीत नव्हतं. परतीच्या २३ टेस्ट होत्या आणि सगळ्यांत बिल आणि परती एकाच दिवशी व्हायची, कारण दर रात्री आम्ही डेटाबेस धुऊन नवा डेटा टाकायचो. जुनं बिल सूटमध्ये शिल्लकच राहत नव्हतं. २३ टेस्ट हिरव्या, आणि एकही खऱ्या दुकानासारखी नाही. ताई असत्या तर त्यांनी पहिल्याच दिवशी मागच्या तारखेचं बिल टाकून माल परत घेतला असता. त्यांची सवयच ती होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, कारण रुपयांत मोजायला मी इथं शिकलो. त्या एका बगची किंमत आम्ही नंतर काढली. ४१ दुकानं, ३१८ क्रेडिट नोटा. प्रत्येक नोट शोधून, रद्द करून, नवी काढून, गिऱ्हाइकाला समजावून सांगायला सपोर्टच्या पोरांची सरासरी २५ मिनिटं गेली, म्हणजे १३२ तासांच्या वर. चार दुकानांनी पुढचं नूतनीकरण केलं नाही, प्रत्येकी ९,५०० प्रमाणे ३८,००० रुपये. हे आकडे सपोर्टच्या तिकिटांत, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदींत, आणि अकाउंट्सच्या वहीत होते, कोणाला अंदाज बांधावा लागला नाही. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. गेल्या वर्षभरात ग्राहकाकडे पोचलेले बग घ्या, सूट येण्याआधीच्या वर्षातलेही घ्या, आणि प्रत्येकाला असाच खर्च लावा. दोन्हींतला फरक हा तुमचा पहिला आकडा. मग कोडमध्ये बदल गेल्यापासून तो ग्राहकाच्या हाती पोचेपर्यंत किती दिवस लागतात ते पाहा. आमचे २६ चे ६ झाले, आणि सीईओंना पटलेला एकमेव आकडा तोच होता, कारण आठवड्याला रिलीज झाल्यामुळे विक्रीवाल्यांना "पुढच्या महिन्यात देतो" म्हणावं लागत नाही. यातून सूटचा खर्च वजा करा, तुमचा वेळ धरून. फ्लेकी टेस्टमागे, म्हणजे कोड न बदलता कधी हिरव्या कधी लाल होणाऱ्या टेस्टमागे, जाणारा वेळ वेगळा लिहा, तो लपवला की सगळा हिशोब फसतो. गूगलनं २०१६ मध्ये स्वतः लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. त्यांचं हे, तर आपलं काय असेल.

टेस्टची संख्या आणि कव्हरेजचे (किती कोड टेस्टखाली येतो त्याचे) टक्के सीईओंना दाखवू नका. आम्ही त्याऐवजी सूट कितीदा लाल झाला आणि त्यातले खरे बग किती, हे लिहितो. सहा महिने एकदाही खरा बग न पकडलेली टेस्ट मी काढत नाही, पण तिच्याकडे संशयानं पाहतो.

'डिझाइनमध्ये एक रुपया, प्रॉडक्शनमध्ये शंभर' ही स्लाइडही टाकू नका. ज्या अभ्यासाच्या नावावर ती फिरते तो मी बराच शोधला, मला सापडला नाही. तुमच्या कंपनीचं प्रमाण तुमच्या तिकिटांतून निघेल, ते बारा असेल तर बारा लिहा. नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर व्यवहार कंपनीचा दाखलाही आमच्या मॅनेजरांना फार आवडायचा. १ ऑगस्ट २०१२, साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले. पण तिथं आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला होता आणि जुन्या फ्लॅगमुळे (कोड चालू-बंद करणाऱ्या खुणेमुळे) त्यावरचा पडून असलेला कोड जागा झाला. ती डिप्लॉयमेंटची, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवण्यातली, चूक होती. त्या आकड्यानं घाबरवून तुमच्या सूटचं बजेट मंजूर करून घेणं हे ग्राहकाला फसवण्यासारखंच आहे.

आणि माणसं कमी केल्याचा रकाना ठेवू नका, कोणी मागितला तरी. मॅन्युअल टेस्टरनं पकडलेले बग वेगळ्या रकान्यात, त्याच पद्धतीनं रुपये लावून मांडा. आमच्या मॅनेजरांसमोर मी ऑक्टोबरमध्ये असं शीट ठेवलं. मागच्या वर्षी ताईंनी रिलीजआधी पकडलेल्या बगांपैकी ७ या क्रेडिट नोटेच्या जातीचे होते, बिल, तारीख आणि परती यांच्या गाठीतले. त्यातला एक जरी बाहेर गेला असता तर त्यांच्या काही महिन्यांच्या पगाराएवढा खर्च झाला असता. ते म्हणाले की हे सगळं 'असतं तर' आहे. मी म्हणालो, १०७१ तासही 'असते तर'च होते. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि नवीन जागाही निघाली नाही.

हे सगळं बिलिंगच्या अनुभवावरून लिहितोय, जिथं चूक झाली की रुपयांत दिसते. तुमचं उत्पादन कंपनीच्या आतच वापरायचं असेल, किंवा मोबाइल गेम असेल, तर बगची किंमत लावणं अवघड जाईल आणि रिलीजच्या दिवसांवर जास्त भर द्यावा लागेल. सूट येण्याआधीची तिकिटं कोणी जपलीच नसतील तर मागचा हिशोब निघणार नाही. मग सीईओंना तसं सरळ सांगा आणि या महिन्यापासून नोंद सुरू करा.

मागच्या रविवारी ताईंना फोन केला होता. परतीच्या नव्या टेस्ट लिहीत होतो, अर्ध्या मालाची परती आणि मध्ये दर बदललेला, असं कुठं काय राहतं ते विचारलं. त्यांनी तासाभरात अकरा प्रकार सांगितले. त्यातले चार आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही चुकतात.