ऑलिव्ह लावायच्या आधी खड्डा खणून बघ
अरे भावा, रोपं आणायची घाई नको करूस, आधी दोन फूट खड्डा खण, पाण्याने भर आणि दुसऱ्या दिवशी बघ, पाणी तसंच साचलेलं असेल तर तिथे ऑलिव्ह नकोच, हे झाड कोरडं सहन करतं पण बुडाशी पाणी तुंबलं की मुळं कुजतात (माझी चार अशीच गेली). आधी टोमॅटो, वांगी, कापूस होता ती जागा पण टाळ, त्या पिकांवरची व्हर्टिसिलियम बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते आणि ऑलिव्हलाही धरते. हिवाळ्यात थंडी नसेल तर फुलोरा धरत नाही, कितीही खत ओत. आणि छाटणी बेताने कर, फळ गेल्या वर्षीच्या फांदीवर येतं, सगळे शेंडे उडवलेस तर पुढच्या सीझनला नुसता पाला बघत बसशील.