वय ३१, एम.एस्सी. आणि तासिका: पीएच.डी.ची वेळ गेली का?

ताई, तुमचा प्रश्न असा: एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, मध्ये काही वर्षं कंपनी, आता दिग्रसला तासिका तत्त्वावर शिकवता. वय ३१ झालं, जेआरएफची (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) वयोमर्यादा संपली, मग आधी एम.टेक. करावं का?

जेआरएफची वेळ संपलेली नाही. ३० वर्षं ही सर्वसाधारण मर्यादा. महिलांना ५ वर्षांची सवलत आहे, म्हणजे ३५. सेटला (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा), नेटमधल्या नुसत्या सहायक प्राध्यापक पात्रतेला आणि गेटला (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) वयाची अट नाही, त्या परीक्षा थांबू शकतात. जेआरएफ थांबत नाही, म्हणून आधी तीच. नेटमध्ये कॉम्प्युटर सायन्सचा विषय कोड ८७, जून आणि डिसेंबर अशा दोन फेऱ्या. पेपर १ (सगळ्या विषयांना सारखाच) मध्ये ५० प्रश्न, १०० गुण. कॉम्प्युटरवाले तो हलक्यात घेतात आणि तिथंच मार खातात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. त्यासाठी पूर्णवेळ संशोधन लागतं, तासिका सोडावी लागेल. नेटच्या निकालात नुसती पीएच.डी. प्रवेशाची पात्रता आली तर तो निकाल एकच वर्ष चालतो. पीएच.डी. प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०.

एम.टेक.ची घाई नको. अभियांत्रिकी कॉलेजं बी.ई. किंवा बी.टेक. अधिक एम.टेक. अशी जोडी मागतात. तुमची पहिली पदवी बी.एस्सी., त्यामुळे दोन वर्षं घालूनही तिथली वाट मोकळी होईलच असं नाही.

खरा वेळ गाईड निवडण्यात घाला. अमरावती विद्यापीठ जवळ पडतं म्हणून तिथलंच पहिलं नाव धरू नका. शोधगंगेवर (भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) त्या गाईडकडचे प्रबंध उघडा आणि संदर्भसूची बघा. ताज्या प्रबंधातही बहुतेक संदर्भ दहा वर्षांपूर्वीचे असतील तर समजून जा, काम जुनंच चाललंय. डीबीएलपीवर (कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरांची ऑनलाइन सूची) त्यांचे पेपर पाहा. सहायक प्राध्यापकाकडे ४, सहयोगीकडे ६, प्राध्यापकाकडे ८ विद्यार्थी एवढीच मर्यादा, आणि निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा आहे का ते आधीच विचारा. सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, सर भेटतात किती हे तेच सांगतील. पीएच.डी.ची मुदत ६ वर्षांची, महिलांना त्यावर जादा वेळेची सवलत आहे.

"तीन दिवसांत पेपर छापून देतो" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही (विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती वाचा). यूजीसीनं २०२५ मध्ये केअर यादीही (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली.

जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप) नाही म्हणून अडू नका. कॅगल या वेबसाइटवर तो आठवड्याला साधारण ३० तास फुकट मिळतो, गूगलचं कोलॅबही आहे. मात्र सेशन मध्येच तुटतं आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून दर इपॉकनंतर (सगळ्या डेटावरची एक फेरी) चेकपॉइंट, म्हणजे तोवर झालेलं काम, गूगल ड्राइव्हवर टाका. कॉन्फरन्सला पेपर पाठवायच्या मुदतीपुढे 'एओई' (एनीव्हेअर ऑन अर्थ, पृथ्वीवर दिवस सगळ्यात शेवटी संपतो तिथली वेळ) लिहिलं असेल तर ती आपल्या घड्याळानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.२९ ला संपते. पीडीएफ मात्र सकाळीच चढवून मोकळ्या व्हा.