वाचकांचे प्रश्न: गिधाडं, घारी आणि मेलेली जनावरं

प्रश्न: आमच्या लहानपणी माळावर मेलेलं जनावर टाकलं की बघता बघता गिधाडं उतरायची. आता वर्षानुवर्षं एकही दिसत नाही. मोबाइलच्या टॉवरमुळे गेली असं गावात म्हणतात. खरं आहे का? – निवृत्त शिक्षक, करमाळा

टॉवरचा काडीचाही संबंध नाही. खेडोपाडी टॉवर उभे राहिले तोवर गिधाडं जवळपास संपलीच होती. त्यांना मारलं ते गुरांना द्यायचे त्या डायक्लोफेनॅकने, म्हणजे सूज आणि ताप उतरवणाऱ्या स्वस्त इंजेक्शनने. ते टोचलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि उघड्यावर पडलं, तर मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जातं. मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक ॲसिड साचतं. मेलेल्या गिधाडाचं पोट उघडलं की यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो. पाकिस्तानातल्या गिधाडांची अशी तपासणी झाली आणि 2004 मध्ये कारण पक्कं झालं.

आकडा मात्र पचवायला जड आहे. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजाराला एक उरली. एवढ्या संहाराला औषध असलेली मढी शंभरात एकाहूनही कमी पुरेशी होती, कारण एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा जेवतो. त्यात गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. झालेली तूट भरून निघणार कधी?

प्रश्न: गाईला दगडी (कासेची सूज) झाली की डॉक्टर सुजेवर इंजेक्शन देतात. गिधाडांना न बाधणारं कोणतं? – दूध उत्पादक, माढा

मेलोक्झिकॅम. टोल्फेनामिक ॲसिडही चालतं. दोन्ही गिधाडांवर तपासलेली आहेत. तुमच्या डॉक्टरांना नाव घेऊन सांगा, त्यात संकोच कसला?

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. मग लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरू लागले, म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी 3 मिलीची करावी लागली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. यातलं ॲसेक्लोफेनॅक तर गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतं, म्हणजे नाव बदलून तेच विष! त्यामुळे बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांतल्या ब्रँडवर जाऊ नका. खाली बारीक अक्षरांत घटकाचं नाव असतं, ते वाचा. दुकानदार ‘दोन्ही एकच हो’ म्हणाला तरी वाचा.

प्रश्न: नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गिधाडांसाठी मढी टाकायची जागा केली तर? नाशिक, गडचिरोलीकडे असे प्रयोग झालेत. – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर

हेतू चांगला आहे, जागा चुकीची आहे.

गडचिरोली किंवा नाशिकच्या हरसूलकडे गिधाडं आधीपासून होती, त्यांना सुरक्षित मांस मिळावं म्हणून तिथे जागा केल्या. नान्नजला तशी वसाहत नाही. लांब चोचीच्या गिधाडाला घरट्यासाठी कडा लागतो आणि पांढऱ्या पाठीच्याला उंच, जुनी झाडं. आपल्याकडे सगळा गवताळ माळ. तिथे मढं टाकलं तर पहिला पाहुणा येणार भटका कुत्रा, आणि तो एकटा येत नाही. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. काळविटाचं पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून असतं. जेवणाच्या आशेने गोळा झालेली कुत्र्यांची टोळी यांना सोडेल असं वाटतं का? बोटांवर मोजण्याइतक्या माळढोकांच्या शेजारी हा जुगार मी तरी खेळणार नाही.

दुसरं असं, की गिधाडाला अभयारण्याची हद्द कळत नाही. 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातली गिधाडं ताडोब्यात आणून सोडली, त्यातलं एक थेट तमिळनाडूत पोचलं. म्हणूनच ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ आखताना 100 किलोमीटर त्रिज्या धरतात. हिशोब करा, ते 31,400 चौरस किलोमीटर होतात, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. एवढ्या जागेला कुंपण कोण घालणार? तिथले गोठे आणि औषधांची दुकानं स्वच्छ झाली पाहिजेत. तुमच्या कॉलेजला काही करायचंच असेल तर तालुक्याच्या गावातली औषध दुकानं फिरा, जनावरांसाठी काय विकलं जातंय ते नोंदवा. मढ्यापेक्षा ते कैक पटींनी उपयोगी.

प्रश्न: आमची म्हैस औषध चालू असताना मेली. काय करायला हवं होतं? – शेतकरी, मोहोळ

खोल खड्डा घेऊन पुरायला. लम्पीच्या साथीत आपण पुरतच होतो, तसंच. गिधाडं नसली म्हणून उघड्यावर टाकलेलं चालतं असं नाही. मढ्यावर टॉनी आणि स्टेप गरुडही उतरतात, आणि बिकानेरजवळच्या जोरबीडला स्टेप गरुड डायक्लोफेनॅकने मेल्याचं 2014 मध्ये नोंदवलं गेलंय. औषध न दिलेलं जनावर असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही रस्त्यालगत किंवा विजेच्या तारांखाली टाकू नका.

प्रश्न: हिप्परगा तलावाजवळ कचऱ्यावर कोंबडीएवढा, मळकट पांढरा, पिवळ्या तोंडाचा पक्षी चालताना दिसला. घार का? – गृहिणी, सोलापूर

नाही, ते पांढरं गिधाड, म्हणजे इजिप्शियन गिधाड. तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की शंकेला जागा नाही. उडताना पंखांची मागची कड काळी आणि शेपूट पाचरीसारखी दिसते. घारीची शेपूट दुभंगलेली असते. पिल्लू मात्र गडद तपकिरी असतं, तिथे भलेभले फसतात. हा पक्षी विष्ठासुद्धा खातो, त्यामुळे कचऱ्यावर दिसला यात नवल नाही. जागतिक यादीत तो संकटग्रस्त आहे. फोटो, तारीख आणि जागा लिहून ठेवा.

प्रश्न: मटणाच्या दुकानापाशी घार झडप घालते. पोरांना धोका आहे का? – दुकानदार, सोलापूर

तिचं लक्ष पोरावर नसतं, पिशवीवर असतं. आतडी-चरबी वर उडवून घारींना खिलवणं बंद करा, पिशवी झाकून न्यायला सांगा, महिन्याभरात फरक दिसेल. पतंगाच्या मांज्यात अडकलेली किंवा खाली बसून राहिलेली घार वा गिधाड दिसलं तर पाणी पाजायला जाऊ नका. वरून टोपली झाका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.