वाचक विचारतात : पडताळणीच्या चौकटीतले शब्द

प्रश्न : संकेतस्थळावर अर्ज भरताना आपण यंत्र नसून माणूस आहोत हे पटवण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे वाचून लिहावी लागतात. काही वर्षांपूर्वी तेथे दोन इंग्रजी शब्दांची जोडी येत असे. त्यांतल्या मजेदार जोड्या मी वहीत टिपून ठेवल्या आहेत. उदाहरणार्थ ‘चर्च’ आणि ‘चीझ’, किंवा ‘सायलेंट’ आणि ‘ड्रमर’. आता बहुतेक ठिकाणी सहा निरर्थक अक्षरे येतात. माझी नात त्यांतही नक्षी शोधते आणि म्हणते, की एखादे अक्षर हटकून दोनदा येते. या जोड्या कोणी मुद्दाम लावत असे काय? आणि आताची अक्षरे खरोखरच चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात काय?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपली वही जपून ठेवावी, कारण तिच्यात जे टिपले गेले आहे ते आता पडद्यावर पुन्हा दिसणार नाही. शब्दांची जोडी दाखवणारी ती पद्धत, म्हणजे रीकॅप्चाची पहिली आवृत्ती, मार्च २०१८ अखेर बंद झाली.

जोड्या कोणी लावत नसे. मात्र दोन शब्द एकत्र येण्यामागे निश्चित योजना होती. माणूस आणि यंत्र ओळखण्याच्या अशा परीक्षेला कॅप्चा हे नाव २००३ साली लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम, निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड या संगणकशास्त्रज्ञांनी रूढ केले. पुढे फॉन आन यांच्या मनात असे आले, की लोक ही अक्षरे वाचण्यात जो वेळ घालवतात तो एखाद्या उपयोगी कामी लावता येईल. जुनी पुस्तके आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक यांची छायाचित्रे घेऊन संगणकाकडून वाचून घेण्याचे काम तेव्हा चालू होते, पण पुसट शाई, छपाईचे झिजलेले खिळे आणि पिवळा पडलेला कागद यांपुढे संगणक अडखळत असे. ‘आर’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरे चिकटून छापली गेली की तो त्यांना ‘एम’ समजे. २००७ पासून असे अडलेले शब्द कापून वाचकांपुढे ठेवले जाऊ लागले.

आपल्या जोडीतला एक शब्द यंत्रणेला आधीच ठाऊक असे, आणि परीक्षा केवळ त्याचीच होई. दुसरा शब्द संगणकाला न वाचता आलेला असे. कोणता कोणता आहे हे कळू नये म्हणून त्यांचा क्रम बदलत ठेवत. ठाऊक शब्द बरोबर लिहिणाऱ्याने दुसराही बरोबर वाचला असावा असे मानून त्याचे उत्तर एक मत म्हणून धरले जाई, संगणकाच्या अंदाजाला अर्धे मत मिळे, आणि एखाद्या वाचनाला किमान अडीच मते पडली की तो शब्द निश्चित होई. कोणी गंमत म्हणून भलतेच लिहिले तरी त्या एका मताने काही बिघडत नसे. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या लेखानुसार पहिल्या वर्षभरात ४४ कोटींहून अधिक शब्द अशा रीतीने वाचले गेले. आपण वहीत जे उतरवून घेतले त्यातही कोणा अनोळखी पुस्तकाच्या पानावर अडलेला एखादा शब्द असणार, आणि तो सोडवण्यात आपलेही एक मत असेल. मला यात फार आनंद वाटतो.

आता नक्षीविषयी. हे शब्द कोणी रचलेले नव्हते, ते खऱ्या छापील मजकुरातून आलेले होते, म्हणून भाषेचे सगळे स्वभाव त्यांच्याबरोबर आले. इंग्रजीत काही अक्षरांनी सुरू होणारे शब्द पुष्कळ आहेत, तर काहींनी सुरू होणारे अगदी थोडे. सर्व अक्षरे समप्रमाणात असती तर सव्वीस जोड्यांमागे एका जोडीत आद्याक्षर जुळले असते. प्रमाण विषम असल्यामुळे ते त्याहून अधिक वेळा जुळते. आपल्या ‘चर्च’ आणि ‘चीझ’चा अनुप्रास असा जुळून आलेला आहे. ‘सायलेंट’ आणि ‘ड्रमर’ची गोष्ट निराळी. तेथे अक्षरे जुळलेली नाहीत. एक विशेषण आणि एक नाम शेजारी आले, आणि वाचणाऱ्याच्या मनाने त्यांतून मुका ढोलकीवाला उभा केला. नेमकी हीच जोडी येण्याची शक्यता अत्यल्प होती हे खरे, परंतु विचारण्याचा प्रश्न तो नव्हे. आपण थबकावे, हसावे, वही उघडावी असे वाटायला लावणाऱ्या जोड्या एकंदर किती असू शकतात, असा प्रश्न विचारला तर त्या असंख्य निघतात, आणि त्यांपैकी एखादी दर थोड्या दिवसांनी समोर येणे अगदी स्वाभाविक ठरते.

आपल्या नातीचे निरीक्षण मात्र हिशेबाने तपासता येते, आणि तिचे कौतुक करावे असेच ते आहे. सव्वीस अक्षरांतून सहा अक्षरे चिठ्ठ्या टाकून काढली आणि प्रत्येक चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकली, तर सहाही अक्षरे वेगवेगळी निघण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के येते. म्हणजे उरलेल्या ४६ टक्के वेळा कोणते तरी अक्षर दुबार येणारच. त्यात अनेक ठिकाणी शून्यासारखा दिसणारा ‘ओ’ आणि एकासारखा दिसणारा ‘आय’ ही अक्षरे वगळतात. अक्षरे कमी झाली की दुबार येण्याचे प्रमाण आणखी वाढते. तेवीस माणसांच्या मेळाव्यात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, त्याचे गणितही हेच आहे. तेव्हा अक्षर दुबार येते म्हणून निवड पक्षपाती आहे असे ठरत नाही. उलट ते कधीच आले नसते तर मला शंका आली असती.

निरर्थक अक्षरांतून उच्चार करता येण्याजोगे काही निघते तेही असेच. तीन अक्षरांत व्यंजन, स्वर, व्यंजन असा क्रम साधारण आठांत एकदा पडतो. पाच अक्षरांत व्यंजनापासून सुरू होऊन व्यंजने आणि स्वर एकाआड एक येणे साधारण पन्नासांत एकदा घडते. नातीबरोबर खेळताना नियम आधी ठरवावा आणि अक्षरे नंतर पाहावीत, असे मी आग्रहाने सुचवीन. उदाहरणार्थ, सहा अक्षरांत कुठेही लागोपाठ तीन अक्षरांचा मराठी शब्द सापडला तर एक गुण. अक्षरे पाहून मग नियम शोधला तर प्रत्येक पुंजका नक्षीदारच वाटतो आणि खेळातली चुरस जाते. निरोष्ठ काव्य रचणाऱ्या आपल्या पंडित कवींनी प, फ, ब, भ, म हे वर्ण वर्ज्य करण्याचे बंधन आधी स्वीकारले आणि मग रचना केली, म्हणून तर त्या रचनेचे नवल वाटते.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या संकेतस्थळावर नावनोंदणीच्या अर्जात जाहिरातींचा कचरा येऊन पडतो. तेथे मराठीतच शब्दकोडे घातले तर चालेल काय?
– मंडळाच्या चिटणीस, मांजलपूर, बडोदे

उत्तर : अवश्य चालेल, परंतु त्याच्याकडून बेताचीच अपेक्षा ठेवावी. वाकडी अक्षरे वाचण्यात यंत्रे आता माणसाच्या पुढे गेली आहेत; अत्यंत अवघड अक्षरेही आपली यंत्रणा ९९.८ टक्के अचूक वाचते, असे गूगलने २०१४ सालीच जाहीर केले होते. तरीही लहान संकेतस्थळांवर येणारा कचरा बहुतांशी सरसकट टाकलेला असतो आणि तेथे थांबून कोडे सोडवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ‘शेवउसळ, खमण, फाफडा, छत्री : यांतील न खाण्याची वस्तू कोणती?’ असा प्रश्न तेवढ्यासाठी पुरेसा आहे. प्रश्न वीस-पंचवीस असावेत आणि अधूनमधून बदलावेत.

उत्तर टाइप करायला लावण्याऐवजी पर्यायांतून निवडू द्यावे, हे मात्र मी निक्षून सांगेन. टाइप करायचे झाल्यास ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीमुळे आपल्याच सभासद अडतील. शिवाय ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, एका चिन्हानेही लिहिता येते आणि ‘र’खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, देऊनही, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक सरळ तुलना करताना त्यांना भिन्न मानतो आणि बरोबर उत्तर चूक ठरवतो. अर्ज तयार करणाऱ्यास दोन्ही रूपे एक करून घेण्यास सांगावे. प्रश्न चित्र म्हणून न चिकटवता साध्या मजकुरात ठेवावा, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर विसंबणाऱ्या दृष्टिहीन भगिनींनाही तो ऐकता येईल.