वाचक विचारतात : हटवलेला बडा अधिकारी कोर्टातून परत येतो का?

प्रश्न : सरकारनं एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याला रातोरात हटवलं की टीव्हीवर लगेच 'कोर्टात जाणार' सुरू होतं. पण जाऊन खरंच काही हाती लागतं का हो, की नुसती वकिलांची फी? – एक वाचक, सांगली

उत्तर : लागतं, पण बऱ्याचदा उशिरा लागतं. आलोक वर्मांचंच घ्या. सीबीआयचे डायरेक्टर, कायद्यानं दोन वर्षं पक्की, म्हणजे 31 जानेवारी 2019 पर्यंत खुर्ची त्यांची. त्यांचं आणि नंबर दोनचे राकेश अस्थाना यांचं उघड भांडण चाललेलं, दोघं एकमेकांवर लाचेचे आरोप करत होते, आणि 23 ऑक्टोबर 2018 च्या मध्यरात्री ऑर्डर निघाली की दोघंही बाजूला व्हा, चार्ज सीबीआयचेच जॉइंट डायरेक्टर नागेश्वर राव यांच्याकडे. आता भांडण मिटवायला सरकारनं काहीतरी करायला हवं होतं हे मान्य, पण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की डायरेक्टरची बदली करायची तर पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीची आधी परवानगी घ्यायची. ती घेतलीच नव्हती! सरकारचा युक्तिवाद काय, तर आम्ही बदली केलेलीच नाही, पद आणि सोयी शाबूत आहेत, फक्त काम काढून घेतलंय. (असा युक्तिवाद सुचायलाही डोकं लागतं.)

सुप्रीम कोर्टानं 8 जानेवारी 2019 ला ते ऐकलं नाही, अधिकार काढणं हीसुद्धा बदलीच आणि ती समितीशिवाय चालणार नाही असं म्हणत ऑर्डर रद्द केली. मग वर्मा जिंकले ना? कागदावर हो. पण कोर्टानंच सांगितलं की आठवड्याभरात समितीनं निर्णय घ्यावा आणि तोवर वर्मांनी धोरणाचे मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. दोनच दिवसांत, 10 जानेवारीला समिती बसली, पंतप्रधान मोदी आणि सरन्यायाधीशांनी पाठवलेले न्यायमूर्ती सिक्री एका बाजूला, खर्गे विरोधात, दोन विरुद्ध एक, आणि वर्मा बाहेर. फायर सर्व्हिसचं पद दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. हिशोब बघा, हटवलं तेव्हा 100 दिवस उरले होते, त्यातले 77 निकाल यायच्या आतच गेले.

केरळचे डीजीपी, म्हणजे राज्याचे पोलिसप्रमुख, सेनकुमार यांची केस मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे कोर्ट नुसत्या प्रोसिजरवर थांबलं नाही. 2016 मध्ये नवं सरकार आलं आणि काही दिवसांतच त्यांना हटवलं, कारण दिलं की पुट्टिंगल देवळातली फटाक्यांची दुर्घटना आणि एका तरुणीच्या खुनाचा तपास यामुळे लोकांचा पोलिसांवर विश्वास उडालाय. कॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात हरले, हायकोर्टात हरले. सुप्रीम कोर्टानं मात्र 24 एप्रिल 2017 ला विचारलं की लोकांची नाराजी म्हणता, तर फाईलमध्ये दाखवा कुठे आहे ती. दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. परत नेमा म्हटल्यावरही सरकार ऑर्डरचा खुलासा मागायला गेलं, कोर्टानं 25 हजारांचा दंड लावला. शेवटी मे महिन्यात सेनकुमार परत बसले, 30 जूनला रिटायर.

म्हणून कोणी हटवला गेला की पहिलं बघायचं, त्या पदाला कायद्यानं ठरलेली मुदत आहे का. नसेल तर बदली हा नोकरीचा भागच धरतात आणि कोर्ट सहसा हात घालत नाही. दुसरं म्हणजे स्टे, म्हणजे हटवण्याच्या ऑर्डरला स्थगिती, मिळाला का, कारण स्टे नाही तर निकाल येईपर्यंत दुसरा माणूस खुर्चीत रुळलेला असतो. आणि तिसरं, याचिकेत अजून काय काय घुसडलंय. परमबीर सिंग मार्च 2021 मध्ये मुंबईच्या कमिशनरपदावरून बदलीविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, सोबत गृहमंत्र्यांवर शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप. कोर्ट म्हणालं हायकोर्टात जा. 5 एप्रिलला मुंबई हायकोर्टानं सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितली, अनिल देशमुखांनी त्याच दिवशी राजीनामा दिला, आणि या सगळ्या धुरळ्यात मूळ बदलीचा मुद्दा कुठल्या कुठे गेला.

प्रश्न : आणि राज्यपालांचं काय? त्यांना तर पाच वर्षं असतात ना? – एक वाचक, मडगाव

उत्तर : असतात, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. 2004 च्या जुलैत केंद्रात सत्ता बदलल्यावर उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि तुमच्या गोव्याच्या राज्यपालांना हटवलं, त्यावर भाजपचे माजी खासदार बी. पी. सिंघल यांनी याचिका केली. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 2010 मध्ये सांगितलं की कारण न देता काढता येतं, पण मनमानीनं नाही, आणि केंद्रातल्या पक्षाशी विचार जुळत नाहीत एवढ्यावरून तर नाहीच. मात्र मनमानी झाली हे दाखवायची जबाबदारी हटवलेल्यावरच. त्या चौघांपैकी कोणी परत आलं नाही.