भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीपी-४, ४बी आणि ४डी या डिझेल इंजिनांमध्ये नेमका फरक काय?
डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, पी प्रवासी आणि ४ म्हणजे साधारण चार हजार अश्वशक्ती. शेवटचं अक्षर मात्र फसवतं. डब्ल्यूडीएम-३ए या दुसऱ्या डिझेल इंजिनात 'ए' म्हणजे तीन हजारांवर आणखी शंभर, म्हणजे ३१०० अश्वशक्ती, पण ४बी आणि ४डी दोन्ही ४५०० चीच!

खरा फरक रचनेत आहे. मूळ ४ मध्ये सहा आसांपैकी (चाकांच्या जोड्या जोडणारे दांडे) चारांनाच मोटर होती, त्यामुळे जड गाडी उचलताना चाकं घसरायची. ४बी मध्ये सहाही आसांना मोटर आली. तरीही केबिन एकच. केबिन मागे आणि इंजिनाचा लांब भाग पुढे ठेवून चालवताना लोको पायलटला समोरचं नीट दिसत नसे. म्हणून ४डी ला दोन्ही टोकांना केबिन दिली. माझ्या मते तिन्हींत सर्वांत मोलाची सुधारणा हीच.