जुन्या होम कॉम्प्युटरवर अनोळखी कंपनीचा बॅज आहे. तो दुर्मीळ आहे का, हे कसं ओळखायचं?

नुसत्या बॅजवरून काहीही ठरत नाही. तुम्ही फोटोही फक्त बॅजचाच टाकलाय, म्हणून हे आधीच सांगते. माझ्या दादाला हेच सांगत मला सात वर्षं झाली.

दादाने ॲमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीचा सीपीसी 464 हा होम कॉम्प्युटर घेतला. 1984 चं मॉडेल, कीबोर्डशेजारीच कॅसेट रेकॉर्डर असलेलं. पण त्यावर बॅज होता 'सायशो'चा. सायशो हा ब्रिटनमधल्या डिक्सन्स या दुकानसाखळीचा स्वतःचा ब्रँड. दादाला एक गोष्ट पक्की माहीत होती आणि ती खरीच आहे: सीपीसीच्या रॉममध्ये, म्हणजे कायमचा प्रोग्राम असलेल्या चिपमध्ये, सायशो हे नाव आहे. ॲमस्ट्रॅडने त्यात आठ नावं घालून ठेवली होती: ॲमस्ट्रॅड, श्नायडर, ओरियन, आवा, सोलावॉक्स, सायशो, ट्रायम्फ आणि आयएसपी. आतल्या सर्किट बोर्डावर तीन लिंक, म्हणजे जोडता-तोडता येणारे छोटे जोड, असतात. त्यातल्या कुठल्या जोडलेल्या आणि कुठल्या मोकळ्या, यावर मशीन चालू होताना पहिल्या ओळीत कुठलं नाव उमटायचं ते ठरतं. जर्मनीत श्नायडरच्या नावाने विकलेली मशीन अशीच आपलं नाव सांगतात.

तेव्हा सायशोच्या नावाचं अस्सल, दुर्मीळ मशीन हाती लागल्याची दादाची आशा पोकळ नव्हती. माझं म्हणणं एवढंच होतं, की आधी चालू करून बघ. पण 464 ला स्वतःचा पॉवर सप्लाय नसतो, 5 व्होल्ट त्याच्या मॉनिटरमधून येतात, आणि विकणाऱ्याकडे मॉनिटर नव्हता. "बॅज समोर दिसतोय, अजून काय पुरावा हवा तुला?" म्हणून दादाने साध्या 464 च्या तिप्पट पैसे मोजले. मशीन काचेच्या कपाटात गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते दाखवायचा.

चार महिन्यांनी मी मॉनिटर मिळवला. स्क्रीनवर पहिलाच शब्द आला ॲमस्ट्रॅड. (खालच्या कॉपीराइटच्या ओळीत ॲमस्ट्रॅड असतंच, ते धरायचं नाही. पहिल्या ओळीतला पहिला शब्द बघायचा.) दादा म्हणाला, बोर्ड बदललेला असणार. मग मी बॅजवर तिरपा टॉर्च धरला. बॅजच्या कडेने प्लास्टिकचा एक फिकट पट्टा दिसत होता, दोन मिलिमीटर रुंद. मूळ बॅज याहून मोठा होता आणि त्याच्याखालचं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडलं नव्हतं. एका कोपऱ्यात नव्या गोंदाचा थेंब वाळलेला होता. सायशोच्या नावाने कॅसेट प्लेअरही निघायचे, बॅज तसल्याच एखाद्यावरून उचललेला असावा. दादा दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण टॉर्च धरल्याचं नाही.

तुमच्या मशीनचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पद्धत तेवढी सांगते. बॅज जे म्हणतो तेच बाकीचं मशीन म्हणतंय का, ते बघा. श्नायडरचा 464 असेल तर बटणं करड्या छटांची हवीत, ॲमस्ट्रॅडसारखी रंगीत नव्हेत, आणि आत धातूचं शील्डिंग (सर्किटभोवतीचं पत्र्याचं आवरण) हवं. कमोडोर 64 या दुसऱ्या होम कॉम्प्युटरवर 1982 च्या सुरुवातीच्या काळातला चंदेरी बॅज असेल, तर मागचं व्हिडिओ सॉकेट पाच पिनांचं हवं. आठ पिना असतील तर वरचं झाकण किंवा आतला बोर्ड बहुधा दुसरीकडून आलाय. तळाचं लेबल, सिरियल नंबर, स्क्रू कधी उघडलेत का, हे सगळं बॅजच्या आधी बघायचं. आणि बॅज उचकटून मागे काय आहे ते बघायला जाऊ नका. पत्रा एकदा वाकला की सरळ होत नाही, आणि गोंदाचा पुरावाही जातो. ज्यांना बॅज म्हणजेच मशीन वाटतं, ते मशीन जमवत नाहीत, नावं जमवतात. दादाला हे पटत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. लिंक डाग देऊन बदलता येतात, त्यामुळे स्क्रीनवरचं नावही शेवटचा शब्द नव्हे. सोल्डर ताजं दिसतंय का, ते बघावं लागतं. उलट, नाव जुळलं नाही म्हणजे फसवलंच असंही नाही. दुरुस्तीत बोर्ड खरोखर बदलले जायचे. दादाच्या मशीनचं तसं झालं असेल का, हे बोर्डावरून मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. फिकट पट्ट्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. आणि मॉनिटरऐवजी वेगळा सप्लाय लावणार असाल तर व्होल्टेज आणि प्लस-मायनस मीटरने तपासल्याशिवाय लावू नका.

तुमच्या फोटोत बॅजच्या डाव्या कडेला एक फिकट रेघ दिसतेय. तिथे तिरपा प्रकाश टाकून जवळून फोटो काढा, तळाच्या लेबलचाही काढा, आणि दोन्ही इथे टाका.